साळुंकीची पिल्लं आणि पहिला आखाड

वर्धा तेव्हा मध्य प्रदेशात होतं. माझं लग्न नुकतंच झालेलं, सासर पवनारच्या पलीकडे. पाऊस यायच्या आधी घरावरची कवेलू, म्हणजे कौलं, फेरायला माणूस चढला आणि वळचणीतून साळुंकीचं घरटं खाली आलं. तीन पिल्लं होती. आई-बापांतली एक साळुंकी मांजरानं आधीच धरली होती. दुसरी दिवसभर ओरडली आणि नाहीशी झाली.

मी पिल्लं टोपलीत कापसावर ठेवली. दुधात भाकर कालवून चारली, तर एक मेलं. मग उकिरड्यातल्या अळ्या वेचून घालू लागले. त्यांच्या चोची मिटतच नव्हत्या. तव्यावर भाकर टाकून उठायचं, अर्ध्या घागरीनं विहिरीवरून परतायचं.

"बाळंतीण झाली का वं तू?" सासू म्हणायची.

आखाड लागला. पहिल्या आखाडात सुनेनं सासूचं तोंड पाहायचं नसतं, म्हणून भाऊ बैलबंडी घेऊन न्यायला आला. माहेरची ओढ मलाही होती, लग्नापासून गेले नव्हते. पण पिल्लं अजून उडत नव्हती.

"घे टोपली संगं," भाऊ हसला. "आपल्या मांजरीले खाऊ होईल."

"मी नाई येत. उडाले का येतो."

"पाखराईसाठी मायले रडवजो!" म्हणत त्यानं बैल वळवले.

सासू तोंडावर पदर ओढून ओरडली, "इकडे पाहू नको! राह्यचं तर गोठ्यात राह्य."

गोठा गळत होता, मच्छर फोडून खात. अंग टेकलं की पिल्लं ओरडत. सासू दारात पाठमोरी यायची, भाकर ठेवायची.

"जिते हायेत का?"

"हायेत, आत्याबाई."

एकदा भाकरीशेजारी पळसाच्या पानावर अळ्या होत्या. "कोंबड्याईनं उकरल्या, म्हणून उचलल्या," ती भिंतीकडे पाहत म्हणाली.

एक पिल्लू आढ्यावर बसायला लागलं आणि एका सकाळी उडून गेलं. दुसऱ्याचा पंख लोंबताच राहिला. मला ना बसवेना, ना निघवेना.

"तू जाय आता," सासू पाठ करून म्हणाली. "तुही माय वाट पाहून राह्यली. याले मी पाहतो."

भावाला निरोप न धाडता मी पायीच निघाले. माहेरी सगळे जेवायला बसले की मी दारात जाऊन सासरच्या वाटेकडे पाहत बसे. माय म्हणे, "काय हरवलं वं तुहं?"

आखाड संपल्यावर परतले. टोपलीत गोवऱ्या भरलेल्या होत्या.

"मेलं," सासू म्हणाली. "भाकरी टाक."

आता तोंड पाहायला हरकत नव्हती, तर तिनंच ते चुलीकडे फिरवलं.