दादाची चाल

केडगावच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझा थोरला भाऊ आणि मी शेजारी शेजारी वेल्डिंग करायचो. खडी क्रशरचे झिजलेले लोखंडी जबडे यायचे, त्यांच्यावर रॉडने नवा थर चढवायचा. दादा चौदा वर्षं तेच करत होता, मी सहा. धूर सरळ तोंडावर यायचा. रुमाल बांधला की झालं, असं वाटायचं.

आधी त्याची चाल बदलली. टाचा जमिनीला टेकेनात. कोंबड्यासारखा चवड्यांवर चालायला लागला. शेडमधले सगळे हसायचे, मीसुद्धा.

मग चेहरा थिजला. मामांच्या मयतीत सगळे रडत असताना दादा एकाएकी हसत सुटला. वहिनीने त्याला ओढत बाहेर आणलं.

"कुनी काय केलंय का ह्यांना?" ती मला विचारत होती.

दादाचे डोळे भेदरलेले होते. "मला हसायचं नव्हतं रं. थांबंनाच झालं."

महिन्याभराने, केलेलं काम लांबून पाहायला तो दोन पावलं मागे सरकला आणि सरळ उताणा पडला. सावरायला हातसुद्धा हलले नाहीत.

नगरच्या डॉक्टरांनी कंपवाताच्या गोळ्या दिल्या. चार महिने घेतल्या, फरक पडला नाही. मग पुणं गाठलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच विचारलं, "काम काय करता?"

मी सांगितलं. त्यांनी मेंदूचा एमआरआय परत उजेडात धरला.

"त्या रॉडमध्ये मँगनीज असतं. धुरातून मेंदूत जाऊन बसलंय. काम सोडलं तरी आजार थांबेलच असं नाही."

वहिनी दादाच्या शर्टाचं सुटलेलं बटण लावत राहिली.

"तुम्हीही तिथेच का?" बाईंनी मला विचारलं.

"व्हय."

"उठा. मागे मागे चालून दाखवा."

मी चार पावलं चाललो. दादा पापणी न हलवता बघत होता.

"सध्या ठीक आहे," बाई म्हणाल्या. "दरवर्षी येत जा."

मी काम सोडलं. दादाला आता वहिनी भरवते.

शेडवर जाऊन सगळ्यांना सांगितलं. मालकाने तिथल्या तिथे एक पंखा लावून दिला, बाकीचे कामाला लागले. मी निघालो तसा एक जण फाटकापर्यंत मागे आला. हातमोजा काढून म्हणाला, "भाऊ, बोटं अशी वळत्यात. ते न्हाई ना हे?"

मी त्याला डॉक्टरीणबाईंचा पत्ता लिहून दिला. त्याने तो खिशात घातला, हातमोजा चढवला आणि आत गेला. थोड्या वेळाने पत्र्याच्या फटीतून निळा उजेड लखलखायला लागला.