यमूमावशीच्या मुठी

यमूमावशी पलूसला आमच्याकडे आली, की आईसमोर बसताना मुठी मिटून घ्यायची. कपबशीसुद्धा मिटल्या बोटांनीच उचलायची. परवा ती रहिमतपूरला वारली, आणि मला आधी आठवल्या त्या तिच्या मुठी.

आई आणि ती जुळ्या. चेहरा इतका एक, की वडील पलटणीतून सुट्टीवर आले म्हणजे पाणी हमखास मावशीकडेच मागायचे. "आवं दाजी, तुमची ती चुलीपाशी हाय," असं म्हणत ती पाणी मात्र स्वतःच द्यायची.

तिशी ओलांडल्यावर आईला संधिवात जडला. बोटांचे सांधे सुजले, मग बोटं वाकडी झाली. मावशीला काहीच झालं नाही. शेजारच्या बायका सहज बोलून जायच्या, "एका पोटच्या, एका येळच्या, आन ही बघा कशी खणखणीत!" मावशी मान खाली घालायची. आजीच्या पोटात असतानाच आपण बहिणीच्या वाटचं बळ ओढून घेतलं, असं तिनं मनाशी धरलं होतं. "मी लय खादाड, आक्का. तवाबी तुला काय सोडलं नसंल," असं हसत म्हणायची आणि कुणी काही बोलायच्या आत भांड्यांपाशी जाऊन बसायची. आईची वेणी घालायची, धुणी धुवायची. पण कुणी तिचं कौतुक केलं तर घाईघाईनं रहिमतपूरची एसटी गाठायची.

नव्वदीच्या दशकात मी साताऱ्याला कॉलेजात होतो. एका सुट्टीत दोघींना मिरजेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. आईला तपासून होताच मावशीनं विचारलं, "डॉक्टरसायेब, हिच्या वाटणीचं मी घेतलंय का?"

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "तसं काही नसतं, बाई. जन्मतः तुम्हा दोघींत जनुकं तीच आहेत. शरीराची राखण करणारी काही जनुकं एरवी कुलपात गप्प असतात. यांच्यात ती भलत्या वेळी जागी झाली असावीत, आणि राखणदारच घरावर उठले. कुलूप कशानं निघतं, ते आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही."

बाहेर बाकावर बसताना आई म्हणाली, "ऐकलंस? आता तरी सोड ते खूळ."

"म्हंजे माज्यातबी हाय. निजलंय," मावशी पुटपुटली. "मग माजंच का न्हाई गं जागं झालं?"

"जागं झालं असतं तर माजी वेणी तुज्या नवऱ्यानं घातली असती व्हय? उघड ती मूठ! माजं हात कसं दिसलं असतं, ते मी दुसरीकडं कुठं बघू?"

मावशीनं हात उघडले. आई ती सरळ बोटं बराच वेळ पाहत राहिली. मावशी मात्र रस्त्याकडे बघत होती, आणि तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. दोष आपला नाही, हे तिला पटलं होतं. लाज तेवढ्यानं जात नाही, हे मला पुस्तकांत कुठं वाचायला मिळालं नव्हतं.

पुढे काही वर्षांनी आई सवाष्ण गेली. हिरवा चुडा भरायचा म्हणून बांगड्या आणल्या, पण त्या सुजल्या सांध्यांवरून पुढे सरकेनात. शेजारच्या काकू बांगड्या भरणारीला म्हणाल्या, "दाब की जरा. आता तिला कुठं दुखतंय?"

मावशीनं पुढे होऊन आईचा हात आपल्याकडे ओढून घेतला.

"मला दुखतंय," ती म्हणाली.