चपातीवालीला गहू बंद

दिवसाला दोनशे चपात्या लाटणाऱ्या बाईला डॉक्टरांनी गहू बंद सांगितला, तेव्हा माझा नवरा दवाखान्यातच हसला. चांगला पोट धरून हसला. डॉक्टरीणबाई चष्म्याच्या वरून त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्याने रुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाला, "मॅडम, हिचा धंदाच चपातीचा आहे हो. अख्ख्या टेमघरात हिला चपातीवाली म्हणतात."

"धंदा करू दे की," त्या म्हणाल्या. "खायची नाही."

त्याआधी सात-आठ वर्षं माझं पोट माझ्या ताब्यात नव्हतं. जेवले की फुगायचं. इतकं, की शेचाळिसाव्या वर्षी रिक्षात बायका सरकून मला जागा द्यायच्या. मीही त्यांचा गैरसमज दूर करायचे नाही, ऐसपैस बसायचे. तोंडात सतत फोड, दोन जिने चढले की धाप, आणि रक्त तपासलं की प्रत्येक वेळी कमी. नाक्यावरचा डॉक्टर ॲसिडिटीच्या गोळ्या द्यायचा आणि बीट खायला सांगायचा. वर्षभर बीट खाल्लं. जीभ लाल झाली, रक्त होतं तिथेच राहिलं. शेवटी ठाण्याच्या या बाईंनी दुर्बीण घालून आतडं बघितलं आणि निदान केलं. ज्याच्यामुळे कणीक ताणली जाते, तो गव्हातला चिकटपणाच माझ्या आतड्याला सोसत नव्हता. म्हणजे चपाती, रवा, मैदा, शेवया, पाव, बिस्किट, सगळं बंद. आयुष्यभर.

"मग भात खाईन," मी म्हटलं. आम्ही भाताच्या मुलखातले, मला काय फरक पडतो, असा माझा सूर होता.

"साखर काठावर आहे तुमची," त्यांनी दुसरा कागद पुढे केला. "भात वाटीभर. भाकरी एक. बाकी अंडी, मासे, कोंबडी, डाळ, पालेभाज्या, ताक."

नवऱ्याचं हसणं तिथे थांबलं. हात जोडून म्हणाला, "मॅडम, हे पथ्य घरातल्या सगळ्यांनी पाळलं तर चालेल का?"

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्या गणेशपुरीच्या बाजूच्या, भातशेतीच्या घरातल्या. लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्या चपात्यांकडे त्या अशा बघायच्या, जसं सुनेने घरात परधर्म आणलाय. गहू बंद म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"मी काय सांगत व्हते? आमच्यात गहू व्हता कदी? चपाती पावन्यांना. घरच्याला तांदळाची भाकर. खा आता भाकर, तीन खा."

"एकच सांगितलीय."

"आनि भात?"

"वाटीभर."

सासूबाईंनी पदर कमरेला खोचला. मग म्हणाल्या, "त्या डॉक्टरनीचा घर कुटं हाय?" त्यांना बहुतेक भांडायला जायचं होतं. भात नाही त्याला त्या जेवण म्हणतच नाहीत, नाश्ता म्हणतात.

पथ्य पाळायला लागल्यावर कळलं की गहू लोकांनी कुठे म्हणून घातला नाही! मी एक शक्कल लढवली. उपासाला गहू चालत नाही, मग रोजच उपास धरला तर? पण उपासाला काय चालतं, तर साबुदाणा, वरी, बटाटा, रताळं. आठवड्यात माझी साखर काठावरून पलीकडे उडी मारेल असा सगळा माल. उपास ज्याने कोणी शोधला, त्याला भूक फार लागत असणार. तो बेत सोडला आणि सकाळी दोन अंडी, दुपारी मासे नाहीतर मूग, रात्री पालेभाजी न् एक भाकरी असं सुरू केलं. पहिले पंधरा दिवस मी सगळ्यांवर खेकसत होते. माझ्याच हातची गरम चपाती टम्म फुगायची आणि मी ती दुसऱ्यांसाठी फडक्यात गुंडाळायचे.

धंदा बंद करायचा प्रश्नच नव्हता. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कामगारांच्या खानावळीला आमच्याकडे भिसी म्हणतात. त्या भिसीत माझ्या चपात्या जातात. पण पीठ हवेत उडतं, नाकातोंडात जातं, म्हणून मी तोंडाला घट्ट फडकं बांधून हातमोजे घालायला लागले. माझा तवा वेगळा केला, त्याच्या मुठीला निळी सुतळी बांधली. भिसीवाले चाचा चपात्या न्यायला आले, मला बघून दारातच थबकले. "भाभी, बैंक लूटने जा रही हो क्या?" मी त्यांना आजार समजावला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तो हलवाई को शक्कर की बीमारी हो गई, ऐसा ही समझो ना." एवढं बरोबर तर मला डॉक्टरांकडूनही कळलं नव्हतं.

दोन महिने झाले. बरं वाटायला हवं होतं. तोंडातले फोड थोडे कमी झाले, पण पोट फुगायचं ते फुगतच होतं. मी कणभर गहू खात नव्हते. मग येत होता कुठून?

एके दिवशी सकाळी माझ्या निळ्या सुतळीच्या तव्यावर पांढरा भुरका दिसला. बोटाने पुसून बघितलं. पीठ. गव्हाचं.

"माझ्या तव्यावर चपाती कोणी भाजली?"

सासूबाई लसूण सोलत होत्या. "काल शेजारीन बसली व्हती, तिला एक भाजून दिली. पुसून ठेवला की तवा."

"पुसून? आई, मी सतरा वेळा सांगितलंय!"

"येवढ्याशानं काय व्हतंय गो."

त्या 'येवढ्याशानं'वर माझा तोल गेला. दोन महिन्यांची भूक, चिडचिड, सगळं एका जागी आलं. मी म्हटलं, "तुम्हाला मी बरी व्हायलाच नकोय. तुम्ही मुद्दाम करता."

लसणाची पाकळी त्यांच्या हातात तशीच राहिली. "मुद्दाम? सात-आठ वर्सं तुजा पोट मीच फुगवला का?"

मी पाठ वळवून कणीक मळायला बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली आणि नवऱ्याला म्हणाल्या, मला एसटीत बसवून दे, भावाकडे जाते. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी फडकं बांधलेलं होतं, त्यामुळे माझं तोंड त्याला दिसलं नाही. बरंच झालं, कारण ते रडवेलं होतं.

आता गंमत बघा. सासूबाई गेल्या, तवा माझा एकटीचा, स्वयंपाक माझा एकटीचा, आणि माझं पोट आधीपेक्षा जास्त फुगायला लागलं. घरात संशय घ्यायलाही कोणी उरलं नाही. नवऱ्यावर घेऊन बघितला. पण ज्या माणसाला धड चहा गाळता येत नाही, तो चोरून गहू काय घालणार? शेवटी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तुमच्या तोंडात जे जे जातं, त्याचे सगळे डबे घेऊन या. मीठसुद्धा."

आम्ही दोन पिशव्या भरून ठाण्याला गेलो. बसमध्ये नवऱ्याच्या मांडीवर मसाल्याचा डबा, माझ्या मांडीवर तांदळाचं पीठ, डाळी, चहा, सुकट. सुकटीमुळे आमच्या आजूबाजूची जागा मोकळी राहिली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी एकेक वस्तू बघितली. "पीठ कुठे दळता?"

"घरघंटी घेतलीय. त्यात गहू नाही घालत."

"छान." मग त्यांच्या हातात हिंगाची पिवळी डबी आली. त्यांनी ती फिरवली, डोळ्यांजवळ नेली आणि मागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचली. हिंग, डिंक, गव्हाचं पीठ.

"हिंगात गहू?" मी म्हटलं.

"बांधायला घालतात. किती वापरता?"

इथे मला खरं सांगावं लागलं. पोट फुगतं म्हणून मी ताकात हिंग घालून पीत होते. सकाळ, दुपार, रात्र. सासूबाई गेल्यावर स्वयंपाकातही हिंग घालायला लागले, फुगणं वाढलं, म्हणून हिंग आणखी वाढवला. वरणात हिंग, अंड्यात हिंग, बेंबीला लावायलाही हिंग. म्हणजे ज्याने पोट फुगत होतं, तेच औषध म्हणून मी चमचाचमचा पोटात ढकलत होते.

नवरा या वेळी हसला नाही. त्याने डबी उचलली आणि खिशात घातली. बाहेर आल्यावर म्हणाला, "आई हिंग वापरत नाही."

"माहीतेय."

"तिला वास सहन होत नाही त्याचा."

"माहीतेय हो!"

हिंग बंद केल्यावर दहा-बारा दिवसांत पोट जागेवर बसलं. साडीची गाठ सैल करावी लागली नाही असा एक दिवस गेला, मग दुसरा. तिसऱ्या दिवशी मी बाजारातून चांगले सुके बोंबील घेतले आणि एकटीच एसटीने निघाले.

सासूबाई भावाच्या अंगणात, भावजयीबरोबर तांदूळ पाखडत होत्या. मला बघून त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. भावजयीने पाणी आणून दिलं आणि तिथेच उभी राहिली. तिला ऐकायचं होतं.

मी बोंबलांची पिशवी पुढे ठेवली. "आई, तवा कारण नव्हता. म्हणजे तवाही पुसायला नको होता, धुवायला हवा होता. पण खरं कारण हिंग होतं. मीच खात होते."

"कसला हिंग?"

मी सगळं सांगितलं. ताकातला सांगितला, बेंबीचाही सांगितला. बेंबीला भावजय पदर तोंडात घालून आत पळाली.

सासूबाईंनी दोनदा सूप फटकारलं. "म्हंजे त्या पिवल्या डबीपायी तुनं माझ्यावर आळ घेतलास."

"हो."

"शिकलेली ना गो तू? डबीवर लिवलेला वाचता येतो ना तुला?"

"येतं."

"मला येत न्हाय. मला आला असता तर मी वाचला असता."

मी खाली बसले आणि त्यांच्या सुपातले खडे वेचायला लागले. सूप साफ झाल्यावर त्या म्हणाल्या, "चेहरा बरा दिसतोय तुजा." मग बोंबील हुंगून बघितले. "हे कोनी दिले? फसवला तुला." त्या रात्री त्यांनी तेच बोंबील लसूण-चिंच घालून केले आणि माझ्या ताटात एकच भाकरी वाढली. स्वतःहून. भावजय दुसरी वाढायला आली तर त्यांनी तिचा हात धरला. "तिला येकच. डॉक्टरनीनं सांगितलंय." सकाळी आम्ही दोघी एसटीत बसलो.

पुढच्याच महिन्यात नणंदेच्या नव्या फ्लॅटमध्ये सत्यनारायण होता. भटजींनी कथा सांगितली. त्यात प्रसाद टाळणाऱ्यांची काय काय वाट लागते ते सगळं तपशिलात आलं. कथा संपली आणि नणंद शिऱ्याचं तबक घेऊन थेट माझ्याकडे. रव्याचा शिरा, तुपात थबथबलेला, वर केळं.

"मला नको," मी हळू म्हटलं. "रवा गव्हाचा असतो."

"वहिनी, प्रसाद आहे. प्रसादाने कोणाला काही होत नाही."

"मला होतं."

तिच्या सासरची मंडळी बघायला लागली. भटजीही थांबले. "कणभर घ्या हो ताई, भावना महत्त्वाची."

माझ्या आतड्याला भावना कळत नाहीत, असं मी म्हणणार होते, तेवढ्यात सासूबाई उठल्या. पुढे येऊन त्यांनी तबकातून माझा वाटा उचलला, खाल्ला, मग आपला खाल्ला. बोटं चाटून म्हणाल्या, "दोगींचा झाला. काय पाप लागायचा तो मला लागंल. मी म्हातारी हाय, मला कितीसा पुरनार?" मग भटजींकडे वळून, "पुढच्या टायमाला तांदळाच्या रव्याचा करा. द्येवाला काय, गोड लागल्याशी कारन."

भटजींनी शंख उचलला. त्यांना पुढे दुसरीकडे पूजा होती.

नणंद तीन आठवडे माझ्याशी बोलली नाही. मग एक दिवस तिचा फोन आला. इकडचं तिकडचं विचारलं, आणि हळूच म्हणाली, "वहिनी, माझी साखर जास्त आलीय गं. तू भाताच्या जागी काय खातेस?"

मी सांगत होते, तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि लेकीला पाऊण तास मासे सांगितले. कुठला कधी मिळतो, कुठल्यात काटे कमी, कुठला तळायचा आणि कुठला नुसता शिजवायचा. हळूहळू हे शिक्षण आमच्या घरात सगळ्यांना मिळालंय. कणीक आता नवरा मळतो, मागच्या गॅलरीत, दार लावून. तो लूमवर जॉबर होता, म्हणजे माग दुरुस्त करायचा; लूम भंगारात गेले, तेव्हापासून घरीच होता. लाटायला आणि भाजायला शेजारीण येते. मी भिसीसाठी भाज्या करते, आणि तांदळाच्या भाकऱ्या. भिसीतल्या बिहारच्या पोरांनी पहिल्यांदा त्या उलटसुलट करून बघितल्या, चाचांना विचारलं, ही रोटी पांढरी कशी पडली? आता शुक्रवारी मटणाबरोबर मागून नेतात.

रक्त वाढलं, साखर उतरली. डॉक्टरीणबाई म्हणतात, तुमच्यासारखा पेशंट हवा. मी मान डोलावते. त्यांना हे सांगत नाही, की उद्या कोणी गहू पचवायची गोळी काढली, तर ती पाण्याबरोबर गिळून मी तिथल्या तिथे चहात बुडवून चार चपात्या खाईन, आणि त्या दिवशी साखर काठावर आहे की मधोमध, हे कोणालाही विचारणार नाही.