कांजिण्या आल्या कुठून?

सोफेवाले काका दिवसभर तोंडात खिळे धरून काम करायचे, त्यामुळे बोलणं बेताचंच. दुखलंखुपलं तर मुळीच नाही. कमरेला डाव्या बाजूला पाण्याच्या फोडांचा पट्टा उठला, नुसती आग आग झाली, तरी "फळी घासली असेल" म्हणत त्यांनी बनियन वर गुंडाळलं आणि सोफा ठोकत राहिले. दीड वर्षाची नात आजोबांच्या कडेवरून उतरायला तयार नसे. उजवी कड दमली की डावी.

काकांच्या फोडांवर खपल्या धरल्या आणि एके सकाळी नात तापली. दुपारी सुनेनं झबलं काढलं, तर पोटावर लाल ठिपके.

"डास चावले असतील," काका म्हणाले.

संध्याकाळपर्यंत ठिपक्यांत पाणी भरलं. केसांतही उठले, जुन्यांशेजारी नवे. पोर खाजवून खाजवून रडकुंडीला आली.

डॉक्टरीणबाई पाहताक्षणी म्हणाल्या, "कांजिण्या."

"अहो, पण ही घराबाहेर जातेच कुठे?" सून म्हणाली.

"घरात कुणाला नागीण झाली होती?"

काकांनी सदरा वर केला.

"लहानपणी कांजिण्या आल्या होत्या ना तुम्हाला? त्यांचे विषाणू अंगातच झोपून राहिले, आता नागीण होऊन उठले. फोडांतलं पाणी हिला लागलं."

काकांच्या पायाखालची जमीनच सरकली. इतकी वर्षं आपण हे अंगात वागवलं, आणि दिलं तर कुणाला!

"काका, ऐकताय ना? तापाला पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे लिहून देते. अ‍ॅस्पिरिन चुकूनही नको. नखं कापा. कोमट पाण्यानं आंघोळ, अंग टिपायचं, चोळायचं नाही. पाणी पाजत राहा. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत इतर मुलांत किंवा गरोदर बायकांजवळ नेऊ नका. धाप लागली, पोर मलूल पडली, फोडाभोवती सूज आली, तर तडक या."

घरी आल्यावर सून एवढंच म्हणाली, "बाबा, नुसतं सांगायचं तरी होतं."

नातीनं हात पसरले, तसे काका भिंतीला टेकेपर्यंत मागे सरकले.

"अहो बाबा, तुमच्या खपल्या वाळल्यात, आता तुमच्यापासून भीती नाही. घ्या तिला, मला स्वयंपाक उरकायचाय!"

काकांनी तिला मांडीवर घेतलं आणि एकेक नख जपून कापलं.

पोर बरी झाली. कपाळावर एक बारीक खळगा तेवढा राहिला. तो दिसला की काका अजूनही सुन्न होतात. "घरातच होतं की गं," सुनेला म्हणतात, "माझ्याच अंगात!"