लेंडीकाकांच्या चाळीस राशी

चालताना नजर कायम खाली. खिशात रिकाम्या काडेपेट्या. पेन्सिल दोन्ही टोकांना तासलेली. दारात कुणी आलं की आधी त्याच्या बुटांचे तळवे पाहायचे, मग तोंड. आणि कुठल्याही आकड्याआधी ‘साधारण’. मुलं किती, असं विचारलं तरी, “साधारण दोन.”

ते वन खात्यात हरणं मोजायचे. हरणं सहसा दिसत नाहीत, म्हणून त्यांच्या लेंड्या मोजायच्या. सगळी गल्ली त्यांना लेंडीकाका म्हणायची. चिडल्या की काकूसुद्धा.

मी वरच्या मजल्यावर राहतो. साहित्याची पदवी आहे, म्हणून त्यांचे अहवाल मी तपासायचे, हे त्यांनीच ठरवून टाकलं. “भाषा तुझी, लेंड्या माझ्या.”

डोंगरावरचं जंगल आणि नदीकाठचं कुरण यांच्यामध्ये एक मोकळी पट्टी आहे. हरणं तिथूनच चरायला उतरतात. अर्धं कुरण नांगरलं गेलं. उरलेल्याच्या कडेला गोदाम आलं. आता गोदामवाल्याला पट्टीवर कुंपण हवं होतं. यंदा लेंड्या निम्म्याच भरल्या. काकांचे साहेब म्हणाले, हरणंच उरली नाहीत, वाट कशाला हवी?

काका वर आले ते तणतणतच.

“लेंड्या निम्म्या झाल्या. हरणं नाही.”

“फरक काय?”

“अरे पदवीधरा, पाऊस! पूर्वी लेंडी साठ दिवस टिकायची. आता अवेळी असा कोसळतो की महिन्याभरात विरघळते. आणि हरणं काढायला साहेब लेंड्यांना अजून साठनेच भागतात.”

“म्हणजे हरणं तेवढीच आहेत?”

“थोडी घटलीच असणार. गवतच नांगरलं ना. पण निम्मी नाहीत.”

हे सिद्ध करायला त्यांनी रानात चाळीस ताज्या राशींशेजारी आकडे घातलेल्या काड्या रोवल्या. रास पूर्ण विरघळली की दिवस लिहायचे. शिवाय एक रास घरच्या गॅलरीत, काकूंच्या केकच्या ट्रेमध्ये.

“तीस वर्षं बाहेर मोजलंत, मी बोलले का काही?” काकू म्हणाल्या. “आता घरात?”

“अगं, ताज्या आहेत.”

त्याच आठवड्यात काकूंची बहीण राहायला आली. ट्रेमध्ये बिया पेरल्यात असं समजून तिने रोज झारीने पाणी घातलं. काका रागावले नाहीत. वहीत लिहिलं : ‘मेहुणीचा पाऊस. साधारण नऊ दिवस.’

रानातल्या तेहतीस राशी विरघळल्या. सरासरी बत्तीस दिवस. काका खुशीत होते, पण अहवाल देईनात.

“उरलेल्या सात फार टिकल्या तर सरासरी वाढेल,” ते म्हणाले. “मग साहेबांचं खरं ठरेल.”

“मग तेहतीसच द्या ना!”

त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं. “तुला पदवी दिली कुणी?”

मंगळवारी सकाळी ते बुटांच्या नाड्या बांधायला खाली बसले. उठलेच नाहीत. एक नाडी बांधलेली होती. मला अजून तेवढंच दिसतं.

कुंपणाचा निर्णय सोमवारी आहे. अपुरी मोजणी चालणार नाही, असं साहेबांनी काकूंना हळहळत सांगितलं. काकूंनी वही माझ्याकडे दिली. शेवटच्या पानावर मंगळवारची तारीख आहे. खाली पेन्सिलीने लिहिलंय :

‘चौतीस ते चाळीस पाहून येणे. साधारण दुपारपर्यंत.’