वानखडे सरांचा भरलेला डबा

वानखडे सर उपाशी गेले. घरात सगळं होतं.

डॉक्टर म्हणाले, हार्ट. म्हणू देत. मी रविवारचं त्यांचं ताट बघत आलेय.

अकोल्याला कॉलेजात सर आम्हाला सायकॉलॉजी शिकवायचे. फळ्यावर मोठा त्रिकोण काढायचे. तळाला पोट, मग सुरक्षितता, मग माणसं, मग मान.
"खालची पायरी भरल्याशिवाय वरची लागत नाई," हे ठासून सांगायचे.

आता अमरावतीत मीही तोच त्रिकोण काढते.

दोन वर्षांपूर्वी सरांच्या पत्नी, आमच्या काकू गेल्या. मुलगा पुण्यात. त्यानं बापाला खरंच काही कमी पडू दिलं नाही.
डबा लावला. इन्व्हर्टर, आरओ, खिडक्यांना ग्रिल, हॉलमध्ये कॅमेरा.
खालच्या पायऱ्या एकदम फुल्ल.

मागच्या दसऱ्याला सोनं द्यायला गेले. टीव्हीखाली ताटात आपट्याची पानं रचून ठेवलेली, शेजारी चिवडा. एक पान हललेलं नव्हतं.
फोन मात्र सारखा वाजत होता. सर हसले, "पाय, किती सोनं येऊन राह्यलं व्हॉट्सॲपवर."

ओट्यावर डबा तसाच. दुपारचा.

"सर, जेवले का? भूक लागत नाही का?"

"तूच पाय ना वं. तू 'जेवले का' म्हनलं, अन् आता लागली."

समोर बसून वाढलं. दोन पोळ्या, वांग्याची भाजी, सगळं पुसून खाल्लं त्यांनी.

मग म्हणाले, "मी तुमाले उलटं शिकवलं वं. पोट तळाले नाई. कोनी 'जेवले का' पुसनारं असलं तं पोट."

निघताना म्हटलं, कडी लावून घ्या.
"काहून? कोनी आलं तं?"

त्या वेळी मला भीती वाटली. खरी भीती. वरच्या पायऱ्या गेल्या होत्या आणि आता खालच्या निघायला लागल्या होत्या. आधी भूक, मग कडी.

मुलाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, आत्ताच कॅमेऱ्यात पाहिलं. बाबा खुर्चीत बसलेत. ठीक आहेत."

तेव्हापासून दर रविवारी अकोल्याची बस. मी समोर बसले की जेवायचे. बाकीच्या दिवसांचे डबे गल्लीतल्या कुत्र्यांना.
कॉलेजच्या ग्रुपवर सगळ्यांना सांगितलं, जा रे कोणीतरी. उत्तर एकच, "सरले काय कमी हाये?"

दर वेळी त्यांची खुर्ची दाराच्या आणखी जवळ सरकलेली असायची. मी मागे ओढायचे. पुढच्या रविवारी पुन्हा तिथंच.

आज सकाळी डबेवाल्या मावशींना दार उघडं दिसलं. सर खुर्चीत, तोंड दाराकडे.
मुलानं उठल्यावर कॅमेरा पाहिला होता. बाबा बसलेले दिसले. त्याला वाटलं, ठीक आहेत. त्याचा फोनवरचा आवाज ऐकवत नव्हता.

उद्या वर्गात तोच धडा आहे. मला तो तसा शिकवता येणार नाही.

सर, आज सगळे आले. चपला ठेवायला जागा नाही. शेजारच्या घरांतून पिठलं-भात आलाय. ज्यांनी फोनवर सोनं पाठवलं होतं, तेही दारात उभे आहेत.

टीव्हीखालची पानं वाळून गेलीत. त्यातलं एक तुमच्या हातात ठेवलंय.

निरोप घेते.

जेवले का, सर?