तिसऱ्या आग्रहाची वाट

चहा पिता पिता ऐकणार असाल तर आधी घोट गिळून घ्या. ही फजिती ऐकताना आमच्या वहिनीला चांगलाच ठसका लागला होता.

आपलं हैदराबाद संस्थान नुकतंच भारतात सामील झालं होतं. पक्षाच्या अखिल भारतीय अधिवेशनाला शहरातून प्रतिनिधी पाठवायचे होते आणि त्यात एक जागा बाईची. ती मला हवी होती. इतकी, की आठवडाभर मला जेवण गोड लागत नव्हतं.

निवडीची बैठक शहरातल्या आबिड्स भागात. दाराची कडी वाजली तरी दचकणारी मी, एकटी कशी जाणार? आईला सोबत नेलं. पक्षाची सभासद तीही होती. मीच करून घेतली होती.

बैठक घ्यायला पुण्याहून निरीक्षक आले होते. माझं नाव सुचवलं गेलं, अनुमोदनही मिळालं. निरीक्षकांनी विचारलं, "जाणार ना ताई?"

आता आम्हा हैदराबादी लोकांची तहजीब तुम्हाला काय सांगू? इथं पानाचा विडासुद्धा तिसऱ्या आग्रहाला उचलतात. पहिल्याच फटक्यात हो म्हणणारी मुलगी म्हणजे हावरट. मी पदर सावरून म्हटलं, "छे हो, मी काय एवढी मोठी? दुसऱ्या कुणाला पाठवा."

म्हटलं, आता आग्रह होईल.

"बरं," म्हणत निरीक्षकांनी माझ्या नावावर काट मारली. "पुढचं नाव?"

पुढचं नाव आमच्या वकीलकाकूंचं. त्याही इथल्याच. "अजी, माझी कुठं एवढी लायकी?"

काट. काकूंचं तोंड उघडं ते उघडंच.

निरीक्षक वैतागले. "हैदराबादेत कुणालाच यायचं नाही का?"

आता उठायचंच, असं मी ठरवलं. तेवढ्यात शेजारून आवाज आला, "मी जाते की."

आई! तिचं माहेर परभणीकडचं, शेतकऱ्याचं घर. इतकी वर्षं इथं राहून आमची तहजीब तिला काही लागली नव्हती.

"अगं आई, मला जायचं होतं," मी कुजबुजले.

"मग नको कशाला म्हणालीस? सगळ्यांनी ऐकलं की."

हात वर करून मतदान झालं. निवड एकमतानं. एकमतानं म्हणजे त्यात माझाही हात आला. काय करणार, आई बघत होती.

अधिवेशनात तिला दोन मिनिटं बोलायला मिळाली. शिकलेल्या मुलींनी मनातलं सरळ बोलायला शिकावं, असं ती म्हणाली आणि उदाहरण म्हणून माझं नाव सांगितलं, गावासकट. मंडपात टाळ्या पडल्या म्हणे.

तेव्हा मी नाही, पण माझं नाव अधिवेशनाला जाऊन आलं.